पोटाची सवय बदलली तर किती दिवस वाट बघायची?

या वेळी पोटाचीच पत्रं जास्त आलीत, आणि जवळपास प्रत्येकाने सुरुवातीलाच लिहिलंय की विषय जरा तसला आहे, माफ करा. माफी कशाला मागायची? संडास कशी होते, किती वेळा होते, रंग कसा आहे हे जितकं मोकळं सांगाल तितकं निदान लवकर लागतं, आणि या विषयात लाजेपायी जो वेळ जातो तो नंतर कुठल्याच औषधाने भरून निघत नाही. नावं-गावं नेहमीसारखी काढून टाकलीत, तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ६१, कापसाची शेती आहे, अजूनही रोज शेतात जातात. आयुष्यभर सकाळचा चहा झाला की त्यांचं पोट साफ, कधी गोळी नाही की चूर्ण नाही. दिवाळीपासून सगळं बिघडलंय. दोन-दोन दिवस होतच नाही, मग एकाच दिवशी चार वेळा जातात, जाऊन आले तरी अजून बाकी राहिल्यासारखं वाटतं म्हणतात. मधून मधून रक्त पडतं. गावात एकाने मूळव्याध सांगितली म्हणून मेडिकलवरून मलम आणि गोळ्या आणल्या, दोन महिने झाले, फरक नाही. पायजमा ढिला व्हायला लागलाय. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९ निघालं, त्याच्या गोळ्या चालू आहेत. मोठ्या दवाखान्यात चला म्हटलं की "माले काही व्हयेल नही" म्हणून विषय बंद करतात. काय करू? (अमळनेर तालुका)

उत्तर : ताई, आबांना याच आठवड्यात घेऊन जा. पुढच्या महिन्यात नको, कापूस विकल्यावर नको, घरातलं लग्न उरकल्यावर नको.

का म्हणतोय ते सांगतो. साठीच्या माणसाची आयुष्यभराची सवय बदलली आणि ती महिनोन्महिने तशीच राहिली, रक्त पडतंय, वजन उतरतंय आणि हिमोग्लोबिन कमी आहे, यातली एकच गोष्ट असती तरी मी तपास करा म्हटलं असतं, तुमच्याकडे चारही एकत्र आल्यात. मूळव्याध असेलही, आपल्याकडे ती घरोघरी असते, पण मूळव्याधीने रक्त पडतं, संडासची सवय सहसा अशी बदलत नाही आणि वजन तर मुळीच उतरत नाही. आणि मूळव्याध असलेल्या माणसाला आतड्यात वर दुसरं काही होणारच नाही असा काही नियम नाही ना. अडचण अशी होते की रक्त दिसलं की गावात पहिलं नाव मूळव्याधीचंच निघतं, मग भिंतीवरची जाहिरात बघून "एका इंजेक्शनमध्ये कायमची बरी" वाल्याकडे फेऱ्या सुरू होतात, सहा महिने असेच निघून जातात आणि तोवर एकाही माणसाने तिथे नीट बघितलेलं नसतं.

हिमोग्लोबिनचं पण नीट समजून घ्या. पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. बाईचं पाळीमुळे कमी होऊ शकतं, पण साठीच्या पुरुषाचं ९ वर येतं तेव्हा रक्त कुठून तरी जातंय असं समजून आधी पोट आणि आतडं बघायचं असतं. नुसत्या गोळ्या देऊन आकडा वर आणला की सगळ्यांना बरं वाटतं, पण गळती कुठे आहे ते तसंच राहतं. शिवाय लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी होते, काहींना त्यानेच बद्धकोष्ठता होते, म्हणजे चित्र अजून गोंधळाचं. म्हणून डॉक्टरांना आवर्जून सांगा की गोळ्या कधीपासून चालू आहेत आणि रक्त त्याच्या आधीपासून पडत होतं का नंतर.

आता काय असू शकतं? पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार असू शकतो, आतड्याचा टीबी असू शकतो, तो आपल्या देशात काही दुर्मिळ नाही, आतड्याच्या आतल्या बाजूला वाढणारा मांसाचा कोंब म्हणजे पॉलिप असू शकतो आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असू शकतो. हा शेवटचा शब्द मुद्दाम लिहिलाय, कारण तो टाळला की तपास पण टळतो. आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा कमी आहे हे खरं, पण पेशंट येतात फार उशिरा. बहुतेक वेळा हा कॅन्सर साध्या पॉलिपपासून सुरू होतो आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणजे शरीर आपल्याला भरपूर वेळ देतं. पॉलिप असतानाच काढला तर पुढचं सगळं टळतं आणि कॅन्सर झाला असला तरी तो आतड्यापुरता असताना सापडला तर दहातले नऊ जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, अमेरिकेतली आकडेवारी तेच सांगते.

तपास कसा होतो ते आबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे निम्मी भीती जाईल. आधी डॉक्टर पोट दाबून बघतील आणि हातमोजा घालून बोटाने आत तपासतील. एक मिनिटाचं काम आहे, पण आपली माणसं इथेच अडतात. बोटाच्या टप्प्यातली गाठ या एका मिनिटात सापडू शकते, त्यामुळे डॉक्टरांनी ही तपासणी केली नाही तर तुम्ही स्वतः विचारा. मग रक्ताच्या तपासण्या, त्यात शुगर आणि थायरॉइड पण करून घ्या. आणि मग कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेरा असलेल्या बारीक लवचिक नळीने मोठं आतडं आतून बघणं. रक्त डोळ्याला दिसतंय तेव्हा संडासमधलं छुपं रक्त शोधायची टेस्ट करून ती चांगली आली म्हणून थांबू नका, आबांच्या बाबतीत ती टेस्ट पुरेशी नाही.

कोलोनोस्कोपीचा खरा त्रास आदल्या दिवशीचा असतो. आतडं धुऊन स्वच्छ झालं तरच आत दिसतं. म्हणून दोन-तीन दिवस आधीपासून बियांचं खाणं बंद, म्हणजे वांग्याचं भरीत नाही, टोमॅटो नाही, पेरू नाही, तिळाची चटणी नाही, कारण वांग्याच्या त्या बारीक बिया आतड्याला चिकटून राहतात आणि नेमकं बघायचं तेच झाकतात. आदल्या दिवशी पातळच घ्यायचं, वरणाचं गाळलेलं पाणी, नारळपाणी, बिनदुधाचा चहा. संध्याकाळी औषधाची पावडर साधारण दोन लिटर पाण्यात कालवून दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास प्यायची. चव खारट, मळमळेल, पण थंडगार करून दिली तर उतरते. मग रात्रभर संडासच्या फेऱ्या होतील, त्यामुळे वाटेतला दिवा लावून ठेवा, चप्पल-काठी हाताशी ठेवा आणि कोणीतरी जागं राहा. शेवटी शेवटी नुसतं पिवळसर पाणी पडायला लागलं की आतडं तयार झालं समजा. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात आणि रक्त पातळ होण्याची गोळी किंवा शुगरची औषधं चालू असतील तर ती कशी घ्यायची हे आधीच विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन देतात, अर्ध्या-पाऊण तासात होऊन जातं, काही आढळलं तर तिथल्या तिथे तुकडा काढून तपासायला पाठवतात, छोटा पॉलिप असेल तर काढूनच टाकतात. त्या दिवशी आबांना मोटरसायकल चालवू देऊ नका.

पैशाचं म्हणाल तर जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, आधी तिथे चौकशी करा. पुढे ऑपरेशन वगैरे लागलंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, आधी भेटा, बिल झाल्यावर नाही.

आणि आबांचं मन वळवायचं कसं? कॅन्सर असेल म्हणून घाबरवू नका, घाबरलेला माणूस अजून घट्ट बसतो. रक्त कमी झालंय, ते कुठून जातंय तेवढं बघून येऊ असं सांगा, ते खोटं पण नाही. सुनेने या विषयावर सासऱ्याशी बोलणं दोघांनाही अवघड जातं, मला कळतं, म्हणून मुलगा किंवा जावई किंवा आबांच्या वयाचा एखादा मित्र, ज्याचं मूळव्याधीचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालंय, त्याला दोन कप चहाला बोलवा. बरोबरीच्या माणसाने सांगितलेलं लवकर पटतं. तपासात साधी मूळव्याध निघाली तर सगळ्यांना आनंदच आहे आणि मग तिचा इलाज पण नीट होईल. रिपोर्ट आला की कळवा, मी वाट बघतोय.

प्रश्न : वय ४७. बाराएक वर्षांपासून रात्री पोट साफ होण्याचं चूर्ण घेते. आधी अर्धा चमचा लागायचा, आता दोन चमचे घेऊनही होत नाही. आयुर्वेदिक आहे म्हणून त्रास नाही असं दुकानदार म्हणतो. (शहादा तालुका)

उत्तर : ताई, डब्यावरची यादी वाचा, त्यात बहुतेक सोनामुखी असेल. सोनामुखी वाईट औषध नाही, ॲलोपॅथीच्या गोळ्यांमध्ये पण तीच असते, ती आतड्याला ढकलून काम करून घेते. चार दिवस घेतली तर काही बिघडत नाही, पण वर्षानुवर्षं रोज आणि वाढत्या डोसमध्ये घेतली तर मुरडा येतो, जुलाबावाटे पोटॅशियम जाऊन अशक्तपणा येतो आणि चूर्णाशिवाय होणारच नाही असं मन पण धरून बसतं. एकदम बंद करू नका, पोट गच्च होईल आणि तुम्ही परत डब्याकडे वळाल. आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं कमी करा आणि त्याच वेळी इसबगोल सुरू करा, भरपूर पाण्याबरोबर, पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट घट्ट बसतो. खाण्यातला चोथा दिवसाला २५-३० ग्रॅमपर्यंत जायला हवा, आपल्याकडे अवघड नाही, कळण्याची भाकरी, सालाची डाळ, मेथी-पालक, पेरू, पिकलेलं केळं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा शेतात घामावाटे अंगातलं पाणी जातं आणि ते भरून काढायला आतडं संडासमधलं पाणी जास्त शोषून घेतं, म्हणून पाण्याची कळशी शेतात पण बरोबर न्या.

पण मला जास्त खटकली ती तुमच्या पत्राची शेवटची ओळ, जी मी वर छापली नाही, की सकाळी पाच जणांचे डबे असतात, जायला वेळच मिळत नाही. चहा-नाश्ता पोटात गेला की आतडं आपोआप हलतं, ती वेळ सकाळचीच असते, आणि ती कळ रोज दाबून धरली की काही वर्षांनी आतडं कळ देणंच कमी करतं. तुमच्या बद्धकोष्ठतेचं मोठं कारण हे असू शकतं. तेव्हा चहा झाल्यावरची दहा मिनिटं तुमची, तेवढ्या वेळात पोळ्या कोणीतरी दुसऱ्याने भाजाव्यात, घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा हवं तर. थायरॉइड एकदा तपासून घ्या आणि कॅल्शियमची गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, तिने पण पोट घट्ट होतं. आणि इतक्या वर्षांच्या त्रासात गेल्या काही महिन्यांत अचानक काही वेगळं झालं असेल, रक्त, वजन, पोटात गोळा, तर वर आबांसाठी लिहिलंय तेच तुम्हालाही लागू.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, धुळ्यात रूम करून पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करतो. दोन वर्षांपासून पोटात कळ येते, संडासला जाऊन आलं की बरं वाटतं. पेपर असला की सकाळपासून तीन-चार वेळा जावं लागतं. गॅस खूप. सोनोग्राफी, रक्त, संडास सगळं नॉर्मल आलं. नेटवर वाचलं की कॅन्सर असू शकतो, तेव्हापासून झोप लागत नाही. (शिंदखेडा तालुका)

उत्तर : भाऊ, तू लिहिलंय त्यावरून हे आयबीएस वाटतंय, म्हणजे आतड्याची रचना चांगली पण त्याचं वागणं जास्त हळवं. कळ येणं आणि संडास झाल्यावर ती कमी होणं, टेन्शनला वाढणं, हे सगळं त्याच्याशी जुळतं. आतडं आणि मेंदू यांच्यात नसांचं सतत बोलणं चालू असतं, म्हणून पेपरच्या दिवशी पोट बिघडतं, हे नाटक नाही आणि मनाचे खेळ पण नाहीत, दुखतं ते खरंच दुखतं. एक प्रश्न मात्र स्वतःला विचार, रात्री गाढ झोपेतून संडाससाठी उठावं लागतं का? आयबीएस सहसा झोपेतून उठवत नाही. तसं होत असेल किंवा संध्याकाळी ताप येत असेल, रक्त किंवा आव पडत असेल, वजन उतरत असेल, घरात कोणाला कमी वयात आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तर परत तपासायला लागेल. नसेल तर तेच ते रिपोर्ट पुन्हा पुन्हा काढू नकोस, नॉर्मल रिपोर्टने दोन दिवस बरं वाटतं आणि मग शंका परत येते.

खाण्याचं बघ. तिखट तर्रीची शेवभाजी, कडक चहा, उपाशी पोटी सकाळचं रनिंग, मग एकदम मेसचं पोटभर जेवण, असं चालू असेल तर पोट शांत कसं राहणार? दोन आठवडे दूध पूर्ण बंद करून बघ, बऱ्याच जणांना मोठेपणी दूध पचत नाही आणि दही-ताक मात्र चालतं. त्याने फरक नाही पडला तर कांदा, लसूण, हरभरा, उडीद, गहू हे चार-सहा आठवडे कमी कर, यांच्यातली साखर आतड्यात आंबून गॅस होतो. खान्देशात कांदा-लसणाशिवाय भाजी म्हणजे काय खायचं हे मलाही माहितीय, आणि ते जन्मभर करायचंच नाहीये, नंतर एकेक पदार्थ परत सुरू करायचा आणि त्रास नेमका कशाचा ते शोधायचं, कदाचित एकच निघेल. ज्वारीची भाकरी, भात, मुगाची डाळ, दोडका, गिलकं, केळी हे चालतं. डॉक्टरांकडून कळ कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, पेपरच्या दिवशी जुलाब थांबवणारी गोळी पण घेता येते, पण विचारून. आणि प्रत्येक वेळी मेडिकलवरून जंताची, आमांशाची आणि अँटिबायोटिक अशा मिसळीच्या गोळ्या घेत असशील तर ते बंद कर, त्याने आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि पोट अजून नाजूक होतं. झोप आणि रनिंग सोडू नकोस. काळजी इतकी की अभ्यासच होत नाही असं असेल तर मानसोपचार तज्ज्ञाला भेटण्यात काही कमीपणा नाही, आयबीएसला त्याचा चांगला उपयोग होतो.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे, दोन आठवड्यांपासून संडास एकदम काळी होतेय. भीती वाटते. (चोपडा तालुका)

उत्तर : पाचव्या महिन्यात बहुतेक लोहाच्या गोळ्या चालू असतील, तसं असेल तर काळा रंग सहसा त्यांचाच असतो, गोळ्या बंद करू नका. फक्त डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि फार घाण वासाची होत असेल, चक्कर येत असेल किंवा दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, तो रंग जठरातल्या रक्ताचा असू शकतो. पुढच्या तपासणीला आशाताईंना पण सांगा.

प्रश्न : आजी ८३ वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच आहे. आधी आठ-दहा दिवस संडास झाली नाही, आता दिवसभर पातळ गळतंय, कपडे खराब होतात. जुलाब थांबायची गोळी दिली तर पोट फुगलं. (भुसावळ)

उत्तर : भाऊ, ती गोळी आत्ताच बंद करा. हे बहुतेक जुलाब नाहीतच. आत कडक खडा अडकून बसलाय आणि त्याच्या बाजूने वरचं पातळ पाणी झिरपतंय, पलंगावर पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांत हे फार वेळा होतं आणि घरचे जुलाब समजून थांबवायचं औषध देतात, मग अडकलेलं अजून घट्ट होतं. डॉक्टर किंवा सिस्टरला घरी बोलवा, बोटाने तपासलं की लगेच कळतं. मग एनिमा देऊन किंवा हाताने खडा मोकळा करावा लागतो, ते घरी अंदाजाने करू नका, आतली कातडी फाटते. पोट ताठ झालं असेल, उलट्या होत असतील, गॅस पण सरत नसेल तर घरी वाट बघू नका, सरळ हॉस्पिटलला न्या.

हाड मोडल्यावर दुखण्याच्या ज्या गोळ्या दिल्यात त्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा, त्यातल्या ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या आतडं मंद करतात. मोकळं झाल्यावर रोजचं हलकं औषध, पाणी थोडं थोडं दिवसभर, आणि डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली असेल तर सकाळी चहानंतर दोघांनी धरून कमोडच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसवायचं, पायाखाली छोटा पाट, आडोशाला चादर. आजी चारचौघांत बसायला नको म्हणत असेल, त्यामुळेही ती धरून ठेवत असते, खोलीचं दार लावून फक्त एकच जण जवळ राहा, तिला जो सगळ्यात जवळचा वाटतो तो.